घरचं गिऱ्हाईक

छावणीत माणसाला सरळ चालायला, सलाम ठोकायला आणि नेम धरायला शिकवणारे उस्ताद पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेले असतील. पण पंधरा वर्षांच्या पोराला भर बाजारात ‘नको’ ऐकून घ्यायला आणि ते ऐकल्यावरही जागेवर उभं राहायला शिकवणारं माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच झालं, आणि ते आमच्या खालच्या मजल्यावर राहत होतं, यावर मी कुणाशीही पैज लावायला तयार आहे. या आमच्या घरमालकीणबाई. गल्लीतलं शेंबडं पोर असो की सत्तरीचे हाजीसाहेब, सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. चणीनं एवढ्याशा, चष्म्याच्या एका काडीच्या जागी सुतळी, आणि गळ्यात कायम शिंप्याची टेप. त्या टेपनं त्यांनी कधी कुणाचं माप घेतल्याचं मला आठवत नाही. मापं त्या नजरेनंच घ्यायच्या, आणि माणूस नजरेसमोर नसला तर कानानं. दिवाळी होऊन चार दिवस झाले की जिन्यावरच्या माझ्या पावलांचा आवाज ऐकून खालून हाक यायची, ‘साब, कंबर दो इंच वाढली वाटतं!’ मी वर जाऊन पट्टा लावून बघायचो, तर तो खरंच एक भोक मागं गेलेला असायचा.

त्यांची माझी पहिली भेट भांडणानं झाली, आणि भांडण कशावरून, तर मी त्यांचं म्हणणं लगेच मान्य केलं यावरून. मी वाळूजला एका कारखान्यात तपासनीस आहे. पट्ट्यावरून सुटे भाग येतात, मी ते मोजपट्टीला लावतो आणि ‘पास’ किंवा ‘नापास’ अशा दोन खोक्यांत टाकतो. बाकी आयुष्यात मला कुणाला काही विकता आलेलं नाही. कंपनीची बस नगर नाक्यावर मिळते म्हणून मी छावणी भागात घर शोधत होतो. खालांनी भाडं सांगितलं, मला ते बरं वाटलं, मी ‘ठीक आहे’ म्हणालो. बाईंचा चेहराच उतरला. ‘अजी साब, भाव नाय करायचा का?’ मी म्हणालो, ‘रास्त वाटलं, म्हणून...’ ‘रास्त हाय, ते मला बी माहीत हाय. पण तुम्हाला कसं माहीत? नळ उघडून बघितला? छत गळतं का इचारलं? न बोलता हो म्हणणाऱ्या माणसाच्या पोटात कायतरी वेगळंच असतं, साब. एक तर तो चोर असतो, नाय तर त्याला घर नकोच असतं.’ त्यांनी मला दाराबाहेर काढलं, पुन्हा आत यायला लावलं आणि पहिल्यापासून सुरुवात करायला सांगितली. अर्धा तास घासाघीस झाली, मध्ये दोनदा चहा झाला, आणि शेवटी भाडं तीनशेनं उतरलं. स्वतःचं तीनशेचं नुकसान करून घेतलेली ती बाई इतकी खूश झाली, की सामान चढवायला गल्लीतली चार पोरं तिनं स्वतः गोळा करून आणली.

खालांचे मियाँ फौजी गणवेश शिवायचे. ते गेले तेव्हा मागं दोन पायमशिनी, पितळी बटणांनी भरलेला बिस्किटांचा डबा आणि खाकी कातरणांची सात पोती एवढी दौलत राहिली. मूलबाळ नव्हतं. एका मे महिन्यात गल्लीतली दोन पोरं मोबाइलवरून मारामारी करत त्यांच्या ओट्यावर येऊन पडली. खालांनी दोघांना कानाला धरून आत नेलं, एकेका मशिनीवर बसवलं, आणि तिथून जे सुरू झालं त्याला पुढं बारा-तेरा वर्षं ना नाव होतं, ना पाटी, ना फी. आठवी ते दहावीची पोरंपोरी दुपारची शाळा सुटल्यावर पुढच्या खोलीत जमायची. तिथं शिवण शिकवत, असं कुणाला वाटलं तर खाला चिडत. उशीचे अभ्रे न् परकर त्यांना नामंजूर होते. ‘ते तर दुकानात मिळतंय. जे मिळत नाय ते बनव, आन् ते बनवून गुरुवारच्या बाजारात विकून दाखव.’ एखादी आई कौतुकानं म्हणाली, की आमच्या पिंट्याला रंगकामाची हॉबी आहे, की खाला चष्मा पुसत म्हणायच्या, ‘हॉबी म्हणजे काय, बाई? जिस हुनर का गिऱ्हाईक अजून भेटला नाय, उसकू हॉबी बोलते.’

त्यांचे नियम असे की कुठल्याही शाळेनं ऐकले तर पालकसभा बोलवावी. पहिल्या गुरुवारी नव्या पोरानं बाजारात रिकाम्या हातानं जायचं. काही न्यायचं नाही, काही घ्यायचं नाही, नुसतं कुठंतरी बसून कान उघडे ठेवायचे आणि तीन अनोळखी माणसांच्या तीन कटकटी घेऊन यायच्या. ‘कटकट कळली की काय शिवायचं ते कळतं,’ हा त्यांचा सगळा अभ्यासक्रम. त्यानंतर वस्तू बनवायची आणि विकायला बसायचं. पण बाजारातून परतताना दहा ‘नको’ घेऊन यायचे. दहा माणसं नको म्हणाली नाहीत तोवर नानखटाई नाही. खालांची नानखटाई ही काय चीज होती ते सांगायला मी इथं बसलेलो नाही, पण तिच्यासाठी पोरं काय करत ते सांगतो. इरफान नावाचा एक लाघवी पोरगा होता. त्यानं सायकलच्या सीटवर चढवायच्या खाकी टोप्या शिवल्या आणि त्या सात ‘नको’तच संपल्या. कुठलाही व्यापारी आनंदानं नाचला असता. हा रडत जिना चढून माझ्याकडं आला. ‘अंकल, मला तीन वेळा नको म्हणा ना.’ मी मोठ्या मनानं तीनदा नको म्हणालो. तो खाली गेला आणि दोन मिनिटांत परत आला. ‘खाला म्हणत्यात, वळखीचा नको चालत नाय.’

कारण खालांचा सगळ्यात मोठा, सगळ्यात जाचक आणि मला कधीच न पटलेला नियम हाच होता: घरचं गिऱ्हाईक हे गिऱ्हाईक नव्हे. आई, बाप, मावशी, शेजारी, वर्गशिक्षक, यांपैकी कुणीही पोराकडून काही विकत घ्यायचं नाही. घरच्या माणसाला वस्तू द्यावी, पण विकू नये. कुणी घ्यायला आलंच, तर पोरानं पैसे परत करायचे आणि त्या माणसाला चहा पाजून घरी पाठवायचं. पायल नावाच्या एका मुलीची आजी एकदा काठी टेकत बाजारात पोचली आणि नातीनं शिवलेल्या, वाटीवर घालायच्या सगळ्या झाकण्या मागू लागली. खालांनी आजीला हाताला धरून चहाच्या टपरीवर बसवलं. आजी कळवळून म्हणाली, ‘आगं, माझ्याच नातीच्या हायेत, मला नाय घेऊ देत व्हय?’ खाला म्हणाल्या, ‘अम्मा, तुम्ही झाकणी नाय घेत, तुम्ही पोरीचा चेहरा घेता. झाकणी कशी हाय, ते तिला कधी कळायचं?’ आजी दोन कप चहा पिऊन गेली आणि पुढचा आठवडाभर गल्लीत खालांच्या नावानं बोटं मोडत होती. मनातून मीही आजीच्याच बाजूचा होतो. आणि माझं चुकलं ते इथंच.

आमची ऋतुजा तेव्हा नववीत होती. पोरगी मुकी नव्हती, पण अनोळखी माणसासमोर तिच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. किराणा आणायला गेली तर चिठ्ठी घेऊन जायची. शाळेत बाईंनी उभं केलं की येत असलेलं उत्तरही गिळून टाकायची. त्या वर्षी सहामाहीत गणितात नापास झाली आणि आईला म्हणाली, ‘मला काहीच येत नाही ना?’ विचारायच्या सुरात नाही. आपली उंची सांगावी तसं म्हणाली. तिला चित्रं मात्र देखणी यायची. मी जन्मभर भाग तपासत आलो, पण माझीच पोरगी स्वतःला उचलून नापासच्या खोक्यात टाकत होती आणि मला तिला बाहेर काढता येत नव्हतं. म्हणून मीच तिला खालांकडं नेलं. आणि नेता नेता एक सवलत मागितली. म्हटलं, ‘खाला, पहिल्या गुरुवारचं ते रिकाम्या हातांचं तिला नको. ती घाबरेल. तिला एकदम पिशव्याच रंगवू द्या.’ खालांनी माझ्याकडं टेपची दोन्ही टोकं धरून बराच वेळ पाहिलं. ‘तुमच्या जिम्मेदारीवर,’ म्हणाल्या.

ऋतूनं खाकी कापडाच्या बारा पिशव्या केल्या. प्रत्येकीवर मोर. कुठला नाचणारा, कुठला मान वळवून बघणारा. मला विचाराल तर त्या पिशव्या राजवाड्यात लावण्यासारख्या होत्या. पण बाजारात राजवाडे येत नाहीत, मेथी न् शेळ्या येतात. पहिल्या गुरुवारी एकही गेली नाही, कारण पोरगी मान खाली घालून बसली होती आणि गिऱ्हाइकाला वाटलं ही कुणाच्या तरी मालाची राखण करतेय. घरी येऊन ती जेवली नाही. मला राहवेना. आमच्या पॅकिंग खात्यात साळवे नावाचा माझा मित्र आहे, सोन्यासारखा माणूस. त्याला मी पैसे दिले आणि नीट समजावलं: पुढच्या गुरुवारी सुट्टी टाक, बाजारात जा, चारच पिशव्या घे, घासाघीस कर, आणि माझं नाव काढू नको. शुक्रवारी साळवे कंपनीत आला तो बाराच्या बारा पिशव्या खांद्याला अडकवून. मी म्हणालो, ‘अरे, चार सांगितल्या होत्या!’ ‘लई भोळी पोरगी हाय रे तुझी. समद्या घेतल्या.’ ‘आणि भाव?’ ‘भाव कशाला? वर वीस रुपये जास्ती दिले म्या, माझ्याकडून.’ मी त्या पिशव्या कंपनीतल्या माझ्या कपाटात कोंबल्या आणि कुलूप लावलं.

त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, कंपनीतून घरी आलो तेव्हा मात्र स्वर्ग दोन बोटं उरला होता. ऋतू बोलत होती! दारातच सुरू झाली, ‘पप्पा, एक काका आले, त्यांनी सगळ्या घेतल्या, त्यांना तो मान वळवलेला मोर लई आवडला!’ बायको माझ्याकडं बघून डोळे पुसत होती आणि मी स्वतःची पाठ थोपटत होतो. पोरीनं साठवलेले सगळे पैसे रंगांत घातले आणि आणखी छत्तीस पिशव्या रंगवल्या. शाळा, जेवण, पिशव्या. पुढच्या गुरुवारी एकही गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. इतर पोरं अशा वेळी वस्तू बदलतात, खाला तिलाही म्हणाल्या, बेटी, दुसरं काहीतरी बघू. तर ऋतूनं मान हलवली. ‘नाही खाला, ते काका येणार आहेत. त्यांना आवडतात.’ तिसऱ्या गुरुवारी बाजार उठला, ताडपत्र्या गुंडाळल्या गेल्या, तरी ती पिशव्या मांडून साळवेची वाट पाहत बसली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऋतू शिकवणीला गेली असताना खाला जिना चढून वर आल्या. सात वर्षांत पहिल्यांदा. गुडघ्यांमुळं त्यांनी वरचा मजला सोडून दिला होता. एकेक पायरी करत त्या आल्या, खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, ‘साब, बारा पिशव्या कुठं हायेत?’ मी आव आणला. ‘कुठल्या पिशव्या, खाला?’ ‘त्याच. न बोलता नेलेल्या.’ बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं. खाला म्हणाल्या, ‘इत्त्या वर्सात छावणीच्या बाजारात मी भाव न करता बारा नग घेणारं माणूस बघितलं नाय. वर वीस रुपये! आन् जाताना तो तुमच्या कंपनीच्या बसमधी चढला, साब. मी त्याच दिवशी समजले. मला वाटलं, बाप हाय, आज नाय उद्या सांगेल.’ मी म्हणालो, ‘खाला, पोरगी बोलायला लागली हो. एवढंच पाहिजे होतं मला.’ ‘बोलते हाय. पण कोणाशी? तुम्ही पोरीला पैसे नाय दिले, साब, एक झूठा माणूस दिला. आता ती त्याची वाट बघत बसली. खरा माणूस समोर आला तरी तिला दिसत नाय.’ बायको म्हणाली, ‘आवो, काय करून बसलात तुमी हे!’ मी हात जोडून खालांना म्हणालो, ‘मग तुम्हीच समजवा तिला.’ त्या काठी टेकत उठल्या. ‘मी कायकू? झूट जिसका, जबान बी उसकीच.’

मी त्या दिवशी पोरीला सांगितलं. ओट्यावर तिच्या शेजारी बसून, पायातल्या चपलांकडं बघत सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘म्हणजे एक पण खरी नव्हती?’ मी नाही म्हणालो. ती उठून आत गेली. चार दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. एवढ्या लोकांपुढं ती आजवर गप्प बसली होती, आता त्या रांगेत मीही होतो. पट्ट्यावरचे भाग माझ्या हातातून जात होते आणि कुठल्या खोक्यात पडत होते देव जाणे. चुकलेली खेप परत आली तेव्हा साळवेनं ती गुपचूप पुन्हा निवडली. खालांचा राग आला होता हेही कबूल करतो. मनात म्हणत होतो, या बाईच्या तत्त्वापायी माझी पोरगी गेली.

गुरुवारी सकाळी ऋतू खाली गेली आणि मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. ती खालांना म्हणाली, ‘मी रिकाम्या हातानं जाते.’ खाला म्हणाल्या, ‘शाळा?’ ‘सुटल्यावर.’ बस्स, एवढंच. संध्याकाळी ती तीन तास भाजीवाल्यांच्या रांगेत पोत्यावर बसून आली. आणि तिथं एक गंमत झाली, जी तिला, मला किंवा शाळेतल्या बाईंना कधी सुचली नव्हती. न बोलणारं माणूस शेजारी बसलं, की बाकीचे ते आहे हेच विसरतात आणि मनातलं बोलायला लागतात. इतर पोरं तीन कटकटी आणायची, ही अकरा घेऊन आली. त्यातली एक मेथीवालीची होती. भाजीवर सारखं पाणी मारावं लागतं, हात ओले. नोटा पदराच्या गाठीत. गिऱ्हाईक आलं की तराजू सोडून ओल्या हातानं गाठ सोडायची, तोवर नोट भिजते, फाटते, आणि गिऱ्हाईक जातं शेजारणीकडं. ऋतूनं कमरेला बांधायचा बटवा शिवला. बाहेरून खाकी, आतून माझा जुना रेनकोट, जो मला न विचारता कापला गेला. दोन कप्पे, आणि वर झाकण. एका हातानं उचलावं आणि सोडलं की आपोआप बंद व्हावं, पण कापड हलकं, ते बंद राहीना. दोन दिवस ती त्यावर डोकं खाजवत होती. मग तिनं खालांचा बिस्किटांचा डबा उघडला आणि झाकणाच्या टोकाला आतून एक जड पितळी फौजी बटण शिवून टाकलं. झाकण टप्पकन खाली पडलं. खालांनी ते दहा वेळा उचललं आणि दहा वेळा पाडलं. त्या डब्यातलं बटण त्यांनी आजवर कुणालाही वापरू दिलं नव्हतं.

विक्रीच्या दिवशी मला भाजीबाजारात पाऊल टाकायची बंदी होती. मी शेळ्यांच्या बाजारात उभा राहिलो, तिथून तिरकं दिसत होतं. पहिल्या पाच मिनिटांत दोघांनी माझ्या शेजारच्या बोकडाची किंमत मला विचारली आणि एकानं माझ्याशी घासाघीस करून ती उतरवलीसुद्धा. तिकडं ऋतू एकेका बाईपुढं उकिडवी बसत होती, बटवा दाखवत होती, आणि हात हलत होते: नको, नको. मी मोजत होतो. नऊ झाले. मग ती मेथीवालीपुढं बसली. त्या बाईनं बटवा घेतला, ओढला, उलटा केला, त्यात ओला हात घातला, वास घेतला. तिचा आवाज माझ्यापर्यंत आला. ‘शंभर? आगं शंभरात म्या आख्खं पोतं इकत घेते की! पन्नास दीन.’ मी मनात म्हणालो, घे, माझे आई, पन्नास घे आणि ये. तेवढ्यात ऋतूची मान डावीकडून उजवीकडं हलली आणि मला तिचा आवाज ऐकू आला. एवढ्या गोंगाटात, शेळ्यांच्या बें-बेंमधून, माझ्या मुक्या पोरीचा आवाज. ‘नको मावशी. पन्नासला परवडत नाही. तुम्ही आज वापरा, नाही आवडला तर पुढच्या गुरुवारी परत द्या.’ बाईनं तिच्याकडं पाहिलं, बटवा कमरेला बांधला, एक गिऱ्हाईक केलं, दुसरं केलं. झाकण टप्प, टप्प. मग नव्वद रुपये आणि मेथीची एक जुडी ऋतूच्या हातात ठेवली. मी डोळे पुसायला रुमाल काढू गेलो, तर बोकडानं माझ्या कंपनीच्या ओळखपत्राची फीत निम्मी चावून गिळली होती.

खालांनी विचारलं, ‘नको कित्ते?’ ऋतू म्हणाली, ‘नऊच.’ खालांनी नानखटाईचा डबा काढला. इरफान ओरडला, ‘खाला, नऊलाच?’ ‘एक हिनं दिला ना. वो बी गिन,’ खाला म्हणाल्या. ऋतूनं तिच्या वाट्याच्या नानखटाईचे दोन तुकडे केले आणि एक माझ्या हातावर ठेवला. ओट्यावरच्या त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच ती माझ्याकडं बघून हसली. कारखान्यात मला बक्षिसं मिळालेली आहेत, त्यांतलं एकही मी इतकं जपून खाल्लेलं नाही.

त्या बारा पिशव्यांची शिक्षा खालांनी मलाच दिली होती: त्या मीच वापरून संपवायच्या. तेव्हापासून मी मोराच्या पिशवीतून डबा नेतो. आता शेवटची उरली आहे. मोर धुऊन धुऊन कोंबडीसारखा दिसतो. ऋतू फार मोठी उद्योजिका झाली असं काही नाही. तंत्रनिकेतनात शिकते, आणि तीन बाजारांतल्या बायका तिला बटव्यावरून ओळखतात. फीचा बराचसा भाग ती स्वतः भरते, आणि कॉलेजात पाहुण्यांची ओळख करून द्यायला हल्ली तिलाच उभं करतात. आम्ही बजाजनगरला स्वतःच्या घरात राहायला गेलो. खालांचे गुडघे पार गेले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि भाच्यानं त्यांना हर्सूलला आपल्या घरी नेलं. छावणीतली पुढची खोली बंद आहे. तिथून जाताना मी अजून ओट्याकडं बघतो आणि पोट आत घेतो.

मागच्या महिन्यात ऋतू आणि मी हर्सूलला त्यांना भेटायला गेलो. पलंगावर बसल्या होत्या, टेप गळ्यातच. ऋतूनं नवा बटवा आणला होता. त्यांनी तो चाचपला, झाकण उचललं, पाडलं, ऐकलं, आणि आवाज एकदम करडा करून म्हणाल्या, ‘कित्ते का?’ ऋतू हसली, ‘दीडशे.’ ‘डेढ सौ! शिलाई बघा, टाका वाकडा हाय. ऐंशी.’ मग पाव तास त्या दोघींची जुगलबंदी चालली. टाका, अस्तर, बंद, कशातून म्हणून खालांनी खोट काढायची सोडली नाही. भाचेसून स्वयंपाकघरातून डोकावून बघत होती. म्हणाली, आठ दिवसांत इतकं बोलल्या नाहीत. शेवटी खालांनी उशीखालून शंभराची आणि वीसची नोट काढली आणि पुढं केली. ‘एकशे बीस. आखरी बात.’

ऋतूनं त्यांचा नोटांचा हात हलकेच मागं सारला. ‘नको खाला. घरच्यांना विकत नाही आपण.’

खालांचा हात तसाच राहिला. मला वाटलं, त्यांना नीट ऐकू गेलं नाही. मी म्हणालो, ‘खाला, घरच्यांना...’ ‘सुना मैंने,’ त्या म्हणाल्या. मग सुतळीचा चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिल्या. ऋतूनं बटवा त्यांच्या कमरेला बांधला. त्या मला म्हणाल्या, ‘साब, बघा, पोरगी मला नको म्हणाली.’ आणि मग तिच्याकडं वळून, ‘तो फिर? घरचं माणूस घ्यायला आलं तर काय करायचं असतंय?’

‘चहा पाजायचा,’ ऋतू म्हणाली आणि आत गेली. आम्ही दोघं बसून राहिलो. मला खूप काही म्हणायचं होतं. खाला, तुमचा राग केला होता मी, तुमच्यामुळंच माझी पोरगी मला परत मिळाली, असलं काहीतरी. मी एवढंच म्हणालो, ‘खाला, तुमचे उपकार...’ त्यांनी हात हलवून मला गप्प केलं. त्या बोटानं झाकण उचलत होत्या आणि सोडत होत्या, आतलं बटण टप्प वाजत होतं. नोटा चादरीवर पडल्या होत्या, त्या कुणीच उचलल्या नाहीत. चहा आला. खालांनी तो बशीत ओतला, एक घोट घेतला आणि साखर कमी झाली म्हणाल्या.